फोटोमागची गोष्ट : घरातला फोटो संशोधनाचं साधन कधी होतो?

संशोधनाची तयारी करणारे, त्यातही लहान गावातून आलेले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात. "आमच्या भागावर काही लिहिलेलंच नाही, मग साधनं आणायची कुठून?" जालना जिल्ह्यातल्या मुलामुलींना हा प्रश्न जरा जास्तच पडतो. पेशवे दफ्तर पुण्यात, निजामाची कागदपत्रं हैदराबादेत, आणि आपण मध्येच कुठेतरी.

माझं उत्तर दरवेळी तेच असतं. आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. तिच्यात लग्नपत्रिका, पावत्या, शाळेचे दाखले असतात आणि त्यांच्या तळाशी एखाद्या पाकिटात चारपाच फोटो असतात. ते साधन आहे. पण एका अटीवर, आणि आजचा लेख त्या अटीबद्दल आहे.

मी मूळची विज्ञान शाखेची. प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात की लेबल नसलेलं सॅम्पल फेकून द्यायचं. बाटलीतलं द्रावण कितीही शुद्ध असो, ते काय आहे, कुठून आणलं आणि कधी ठेवलं हे माहीत नसेल तर त्यावर प्रयोग करता येत नाही. घरातल्या फोटोचं तसंच आहे. फोटो ही बाटली, आणि त्याची गोष्ट हे लेबल. फरक एवढाच की हे लेबल कागदावर नसतं, ते कुणाच्या तरी डोक्यात असतं. फोटो पन्नास वर्षं टिकतो, माणूस टिकेलच असं नाही. म्हणून अट अशी: फोटो आणि त्याची गोष्ट ही जोडी एकत्र ठेवली, आणि दोन्ही तपासून घेतली, तरच घरातला फोटो पुरावा होतो.

जालन्यात कॅमेरा आधी कुणाच्या हातात होता?

थोडा इतिहास पाहू. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि परतूर परभणीत. १९५६ पर्यंत हे सगळं हैदराबाद राज्यात, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत. म्हणजे जुन्या संग्रहात नुसतं 'जालना जिल्हा' शोधाल तर हाती काही लागणार नाही. 'औरंगाबाद', 'परभणी', 'हैदराबाद' असं शोधावं लागतं. ही बारीक गोष्ट वाटते, पण नवख्या अभ्यासकाचे महिने यातच जातात.

निजामाच्या राज्यातला सर्वांत नावाजलेला छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधान्याचा. रुडकीला अभियांत्रिकी शिकून इंदूरला नोकरीला लागले, तिथे फोटोग्राफीचा नाद लागला आणि पुढे सिकंदराबादला त्यांचा मोठा स्टुडिओ झाला. १८९४ मध्ये सहावा निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि 'मुसव्विर जंग' असा किताब दिला. पडद्यातल्या बायकांसाठी हैदराबादेत त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो एक इंग्रज बाई चालवायच्या. ज्या घरात पैसा होता त्या घरातल्या बाईचाही फोटो निघत होता, तो असा.

याच दीनदयाळांच्या स्टुडिओने १८९५ ते १९०२ च्या दरम्यान औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतकार्याचे फोटो काढले. १८९९-१९०० चा तो छप्पनचा दुष्काळ. दरबाराची चांगली कामं दाखवण्यासाठी तयार झालेला हा संग्रह. आजच्या आपल्या जिल्ह्याच्या परिसरातल्या गोरगरिबांचे जे सुरुवातीचे फोटो हाती लागतात, त्यांत हे मोडतात. पण त्यांत माणसांची ओळख काय? 'दुष्काळग्रस्त', एवढीच. दरबारी मंडळींच्या फोटोखाली नाव, हुद्दा, किताब सगळं आहे. भुकेल्या माणसाच्या फोटोखाली जिल्ह्याचं नाव आहे. बाटली उत्तम, लेबल अर्धवट. ती माणसं कोण होती, कोणत्या गावची, त्यातली किती जगली, हे आज कुणीच सांगू शकत नाही. कारण त्या फोटोची एक प्रतही त्यांच्या घरी गेली नव्हती.

सरकारी फोटो आणि घरचा फोटो यांत मोठा फरक हाच. घरचा फोटो तोंडाने सांगितलेल्या नावांसकट पुढच्या पिढीकडे येतो. निदान एक-दोन पिढ्या तरी.

फोटोखालची ओळ कधी लिहिली?

आता एक असा फोटो घेऊ जो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. डॉ. आनंदीबाई जोशी, त्यांच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. हा फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका समारंभाच्या वेळचा. दरवर्षी महिला दिनाला तो फिरतो.

फोटोखाली छापलेली ओळ नीट वाचा. तिघींच्याही नावाआधी 'डॉ.' आहे. पण ऑक्टोबर १८८५ मध्ये तिघी विद्यार्थिनी होत्या. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे ही ओळ फोटोबरोबर लिहिलेली दिसत नाही, ती काही वर्षांनी, कदाचित तिघींच्या पदव्या झाल्यावर लिहिलेली असावी. त्याच ओळीत आनंदीबाईंच्या बंगालमधल्या श्रीरामपूरचं, म्हणजे सेरामपूरचं स्पेलिंग चुकलेलं आहे आणि साबातचं 'ताबात' झालंय. म्हणजे लिहिणाऱ्याला ती नावं आणि गावं नीट माहीत नव्हती. आणि आनंदीबाई तर २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या होत्या. त्या ओळीतली चूक दुरुस्त करायला त्या उरल्याच नव्हत्या.

यातून आपल्याला काय घ्यायचं? फोटोला एक तारीख असते, आणि त्याच्या गोष्टीला दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या विचारायच्या. मागे पेनने 'दादांचे लग्न' असं लिहिलेलं असेल तर ते लग्नात लिहिलं की वीस वर्षांनी अल्बम लावताना, हे शाईवरून, अक्षरावरून, शब्दावरून बघायचं. नवऱ्या मुलाला लग्नाच्या दिवशी कुणी 'दादा' म्हणून लिहिलं असेल का, की ते अक्षर पुतण्याचं आहे?

आपल्या भागासाठी आणखी एक खूण. जुन्या कागदावर किंवा फोटोमागे १३४५ किंवा १३५२ असा आकडा दिसला तर दचकू नका. ते फसली साल. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसलीत चालायचं. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा, हे उदाहरण लक्षात ठेवलं की हिशेब विसरत नाही.

कागद काय सांगतो?

फोटोची वस्तू म्हणूनही तपासणी करा. विज्ञानवाल्यांना हा भाग आवडेल.

काळ्या-पांढऱ्या फोटोत चित्र तयार होतं ते चांदीच्या अतिसूक्ष्म कणांनी, जिलेटिनच्या थरात. चांदी टिकाऊ. म्हणून आजोबांचा फोटो अजून स्पष्ट असतो. धुताना हायपो नीट निघाला नसेल तर पिवळे-तपकिरी डाग येतात. काळ्या भागावर, कडेकडेने निळसर चंदेरी चमक दिसली तर ती चांदी पृष्ठभागावर आल्याची खूण. रंगीत फोटोत मात्र चांदी उरत नाही, रंगद्रव्यं असतात आणि ती उडतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातले कितीतरी लग्नाचे फोटो लालसर दिसतात, कारण त्यातला निळसर रंग आधी गेला. त्यामुळे स्कॅन करायचे असतील तर आधी रंगीत घ्या, काळे-पांढरे थांबू शकतात. आणि चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा.

आकारही बोलतो. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडे अॅग्फा क्लिक थ्रीसारखे कॅमेरे आले. १२० चा रोल, त्यात बारा फोटो, प्रत्येक सहा सेंटीमीटर चौरस. पुष्कळदा मोठे न करता तेवढेच छापले जायचे. म्हणून पेटीत तळहातात मावणारा चौकोनी फोटो सापडला तर तो स्टुडिओतला नसून कुणाच्या तरी हातातल्या कॅमेऱ्याचा असण्याची शक्यता जास्त.

आणखी एक सावधगिरी. भिंतीवरचा हार घातलेला फोटो बहुतेक वेळा मूळ फोटो नसतो. एखाद्या समूहातून चेहरा उचलून, मोठा करून, वर कोट किंवा दागिने रंगवून केलेला असतो. ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा गावातल्या स्टुडिओंवर काम केलं आणि १९९७ मध्ये 'कॅमेरा इंडिका' हे पुस्तक लिहिलं. तिथल्या माणसांना फोटो जसा दिसतो तसा नको होता, जसं व्हायचं होतं तसा हवा होता. तेव्हा कोट खोटा म्हणून फोटो बाद करू नका. तो कोट ही त्या माणसाची इच्छा होती, आणि इच्छाही इतिहासात मोजायची असते.

एक फोटो, चार बायका

आता हे सगळं एका फोटोवर लावून दाखवते. फोटो आमच्याच घरातला, अंबड तालुक्यातल्या गावचा. चौकोनी, सहा बाय सहा. उघड्या माळावर चार बायका ओळीने उभ्या. डोक्यावरून पदर. दोघींच्या हातात हातोडे. एकीच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाचं मूल. पायाशी खडीचा ढीग. डावीकडच्या तिघी जवळजवळ, चौथी जरा लांब. मध्ये हातभर जागा. मागे काहीही लिहिलेलं नाही.

माझ्या वडिलांचं म्हणणं, "हा बहात्तरच्या दुष्काळातला." हे तपासायचं कसं? कागदाचा आकार त्या काळाशी जुळतो, पण तो काळ पंधरा वर्षांचा. कडेवरचं मूल म्हणजे माझी आत्या. तिच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९७१. आता त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनच असतो, गुरुजींनी नाव घालताना लिहिलेला. तेव्हा दिवस-महिना सोडून द्या, पण साल साधारण धरलं तरी फोटो १९७२-७३ चा ठरतो. संदर्भही जुळतो. त्या वर्षी सरकारने दुष्काळी कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग, खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. कामावर सुकडी वाटत आणि रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे काळ ठरला. इथपर्यंतचं काम ग्रंथालयात आणि दाखल्यांवर होतं.

पुढचं काम आजीजवळ बसून करावं लागलं.

हा फोटो चाळीस वर्षं पेटीत का होता? आमच्याकडे जमीन होती. पाटी-फावडं घेऊन सरकारी खडीवर जायची वेळ जमीनवाल्यांवर आली, ही त्या दुष्काळाची सर्वांत बोचरी आठवण आहे. घरातल्या सुनेचा खडी फोडतानाचा फोटो म्हणजे अब्रूचा प्रश्न. मधे माझ्या चुलतभावाने तो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पाचसहा जणांनी हात जोडले, आणि एका काकांचा लगेच फोन आला, "ते कशाला चव्हाट्यावर आणलं? काढ आधी." आजीला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "हातात हातोडा व्हता, चोरी नव्हती केली."

मग तिने नावं सांगितली. पहिली तिची जाऊ, दुसरी ती, कडेवर आत्या. तिसरी शेजारीण. फोटो काढणारा कोण? "सायबासंगं कुणी टोपीवाला आला व्हता. मुकादम म्हनला, सरळ हुभ्या ऱ्हा." दोनेक महिन्यांनी मुकादमानेच ही प्रत आणून दिली. आणि चौथी? घरात सगळे तिला 'कुणीतरी बाई' म्हणत. आजीला तिचं नाव, माहेर, मुलांची नावं, सगळं पाठ होतं. ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतली. टोळी एकच, मस्टर एकच, पण प्यायच्या पाण्याचा रांजण वेगळा. मी त्या हातभर जागेवर बोट ठेवलं. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती लांब हुभी नव्हती ऱ्हायली. आमीच ठिवली व्हती."

आता हा फोटो पुन्हा पाहा. त्यात काहीच बदललेलं नाही. ती जागा आधीही तेवढीच होती. पण तीस जण जरी तो फोटो भिंगातून बघत बसले असते तरी त्यांना ती जागा वाचता आली नसती.

संशोधन इथे संपत नाही. आजीची गोष्ट ही फोटोच्या डाव्या बाजूची गोष्ट झाली. मी त्या चौथ्या बाईंच्या मुलाकडे गेले. त्या वारल्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मुलाने मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा केला, फक्त आईचा चेहरा राहील एवढा, आणि तसाच बघत राहिला. नंतर त्याने सांगितलं, "आई म्हणायची, खडीचे ढीग मोजायचे तेव्हा आपला ढीग सगळ्यात शेवटी मोजायचे. अंधार पडायचा." ही गोष्ट आजीला माहीतच नव्हती. ती घरी गेलेली असायची. हजेरीपटावरही हे सापडणार नाही. तिथे चौघींचे अंगठे सारखेच.

एका फोटोच्या दोन गोष्टी मिळाल्या. दोन्ही खऱ्या, आणि दोन्ही मिळूनच पुरावा. त्या घरी आता त्या फोटोची मोठी प्रत आहे. सगळा फोटो, चारही बायकांचा. कापून एकटीचा करून देऊ का, असं मी विचारलं होतं. मुलगा म्हणाला, "नको. असाच राहू द्या."

विचारायचं कसं?

फोटो समोर ठेवून मुलाखत घेण्याच्या या पद्धतीला संशोधनात चांगला पाया आहे. जॉन कॉलियर यांनी १९५७ मध्ये मानवशास्त्रातल्या आपल्या प्रयोगांवर लेख लिहिला, त्यात दिसलं की नुसत्या प्रश्नांपेक्षा फोटो हातात असला की माणूस जास्त नेमकं आणि न थकता बोलतो. कारण सोपं आहे. समोर तुम्ही आणि तुमची वही असली की ती परीक्षा वाटते. मध्ये फोटो आला की दोघंही फोटोकडे बघता.

पण एक धोका आहे. फोटो आठवण जागी करतो तसा तो आठवण घडवतोही. वारंवार पाहिलेल्या फोटोतला प्रसंग आपण स्वतः पाहिला होता असं माणसाला प्रामाणिकपणे वाटू लागतं. म्हणून 'हा बहात्तरचा ना?' असं विचारू नका. 'हे कधीचं?' एवढंच विचारा, आणि उत्तर दुसऱ्या कशाने तरी तपासा. दाखला, सातबारा, मस्टर, गॅझेटियर, किंवा फोटोच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचं घर.

ज्यांच्याकडे पेटीच नाही

इथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. 'घरातली पेटी उघडा' हे सगळ्यांना सांगता येतं का?

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. घर जळतं तेव्हा धान्य, भांडी, कपडे यांची यादी पंचनाम्यात होते. पेटीतल्या फोटोची नोंद कोण करणार? ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असणाऱ्या घरातही अल्बम सांभाळणं सोपं नसतं. आणि गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा एकट्या चेहऱ्याचा पहिला फोटो निघाला तो मतदार ओळखपत्रासाठी, म्हणजे १९९३ नंतर कधीतरी.

म्हणूनच फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेला आंबेडकर कुटुंबाचा फोटो इतक्या घरांच्या भिंतीवर दिसतो. बाबासाहेब, रमाबाई, यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी कुत्रा. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. तो एका घराचा खासगी फोटो, पण ज्यांच्या स्वतःच्या घरातले फोटो उरले नाहीत त्यांनी तो आपल्या घरचा मानला. अल्बम नसणं ही सुद्धा नोंदवायची माहिती आहे. 'फोटो उपलब्ध नाही' एवढं लिहून थांबू नका. का नाही, ते विचारा.

शेअर करण्याआधी

घरगुती फोटो आणि त्यामागची गोष्ट जगासमोर ठेवण्याचे चांगले प्रयत्न आपल्या देशात झालेत. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला. लोक स्वतःच्या घरातला फोटो आणि त्याची गोष्ट पाठवतात, दोन्ही सोबत प्रसिद्ध होतात. फोटो आणि गोष्ट तिथे सुटी होत नाहीत, हे त्याचं बळ.

व्हॉट्सअॅपवर नेमकं उलटं होतं. फोटो पुढे जातो, गोष्ट मागे राहते. शिवाय तिथून जाताना चित्र दाबून लहान होतं आणि कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली तारीख वगैरे माहितीही बहुतेक निघून जाते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसते, पाठवल्या-मिळाल्याची असते. दहा वर्षांनी कुणी त्या नावावरून साल ठरवलं तर १९७२ चा फोटो २०२४ चा होईल. म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा.

हक्काचंही बघा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो, स्टुडिओवाला नाही. पण कायद्याने चालणं आणि योग्य असणं या दोन गोष्टी आहेत. फोटोत जी माणसं आहेत, त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची संमती घ्या. वर वर्णन केलेला फोटो मी इथे लावलेला नाही, चौघींपैकी एकीचंही नाव दिलेलं नाही. एका घराशी अजून बोलणं व्हायचंय, आणि आमच्याच काकांचं मन अजून वळायचंय. रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये फोटोग्राफीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा म्हणजे त्यांच्या आईचा लहानपणीचा एक फोटो, आणि तोच त्यांनी पुस्तकात छापला नाही. फोटो न दाखवताही त्याबद्दल लिहिता येतं.

या रविवारी करायचं काम

१. घरातला एकच फोटो निवडा. अल्बम नको, एकच.
२. पुढून आणि मागून दोन्ही बाजूंचं स्कॅन घ्या. मागच्या शिक्क्यावर स्टुडिओचं नाव-गाव असू शकतं.
३. आकार, कागद, डाग, कडा यांची नोंद करा. मोजपट्टी वापरा.
४. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला दाखवा आणि आधी गप्प बसा. ती काय पाहते ते बघा. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा, आणि बोली आहे तशी लिहा. 'व्हतं' चं 'होतं' करू नका.
५. मग पाच प्रश्न. कुणी काढला? कुणी सांगितलं म्हणून उभे राहिलात? कोण यात असायला हवं होतं आणि नाही? हा इतके दिवस कुणी सांभाळला? आणि कुणी लपवला?
६. फोटोच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचं घर शोधा. तिथे जाताना प्रत घेऊन जा.
७. मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने नावं, साल आणि 'कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला' हे लिहा. पेन नको, शाई पुढच्या बाजूला उतरते.

सातव्यातलं 'कुणी सांगितलं' विसरू नका. आनंदीबाईंच्या फोटोखाली ती ओळ कुणी लिहिली हे तिथेच लिहिलेलं असतं तर आपला किती खटाटोप वाचला असता.

एवढं झालं की तुमच्या हाती एक पान असेल. एक फोटो, दोन-तीन गोष्टी, त्यांची तपासणी, आणि न जुळलेल्या दोन गोष्टी. शोधप्रबंधाचं प्रकरण यापेक्षा मोठं असतं, वेगळं नसतं. १९७२ ला जी पोर वीस वर्षांची होती ती आज सत्तरी ओलांडून गेलीय. गॅझेटियर पुढच्या वर्षीही ग्रंथालयात मिळेल. तेव्हा ग्रंथालय पुढच्या महिन्यात गाठा, आजीजवळ या रविवारी बसा.